टपाची शिवण

वेल्डिंगचा शेवटचा टाका पडला आणि मास्तरांनी डोळ्यांवरची काच वर सरकवली. गाडीचा नवा टप बसला होता. नुसता बसला नव्हता, जन्मापासून तिथेच असल्यासारखा बसला होता.

मास्तरांनी शिवणीवरून बोट फिरवलं. एक खड्डा नाही, एक भोक नाही. मग त्यांनी डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. वर पाहिलं. आणि रिकामी बादली उलटी करून तिच्यावर सावकाश बसले.

मास्तर हे त्यांचं नाव नव्हे. शाळेशी त्यांचा संबंध सहावीतच संपला. पण न विचारता शिकवायची खोड जाईना, म्हणून गल्लीने ते ठेवलेलं. टप कापण्याआधी दोन्ही दारांच्या आणि पुढच्या-मागच्या काचांच्या जागी लोखंडी अँगल आडवेतिडवे वेल्ड करायचे, हा त्यांचा पहिला नियम. नाहीतर टप निघाला की बॉडी खचते. पलीकडच्या गॅरेजवाल्या त्यांच्या साडूने एकदा हा नियम पाळला नाही. ती गाडी अजून दारं सुतळीने बांधून फिरते. शिवण कायम आतून घालायची, बाहेर टाका दिसता कामा नये, हा दुसरा नियम. त्यावर साडूचं म्हणणं असं की भोकं बुजवायला पुट्टी असताना नियम कशाला?

जिन्यावरून बायको उतरली. घर वरच होतं.

"अहो, पाचला डॉक्टर येतील. वर चला, तोंड धुवा. कोळशाच्या खाणीतून आल्यासारखे दिसताय."

"मी इथेच बसतो."

"का?"

"पत्रा गार होतोय. आत्ता वजन हललं तर शिवण ओढली जाईल."

बायकोने बावीस वर्षं संसार केला होता, आणि तो पत्र्याशी केला नव्हता. तिने कमरेवर हात ठेवले. "परत पँट जाळून घेतलीत ना?"

मास्तर बादलीवर आणखी घट्ट बसले.

"हो," ते म्हणाले. "मागून. बरीच."

"तरीच! मागच्या वेळी भिंतीला पाठ लावून पालीसारखे घरी आला होतात. थांबा, दुसरी आणते."

तिने पँट आणली, गुंडाळी करून अँगलच्या फटीतून आत सरकवली. "आणि माझं स्टूल नेते. चार दिवस झाले, फळीवरचे डबे काढायला माझी कसरत चाललीय. तुम्हाला गाडीत चढायला माझंच स्टूल सापडतं बरं."

"ने," मास्तर म्हणाले. "आता त्याचा काही उपयोग नाही."

"सकाळी ताईचा फोन होता. म्हणते, डॉक्टरांच्या चारही गाड्या आमच्याकडेच येणार, तुम्ही उगाच आस लावून बसू नका. आज डॉक्टर काय ते ठरवणार आहेत. तेव्हा जरा नीट बोला. शिकवू नका त्यांना."

पाचाच्या ठोक्याला डॉक्टर आले. दातांचे डॉक्टर, जुन्या गाड्यांचे वेडे. ही एक गाडी त्यांनी परीक्षा म्हणून दिली होती. मागे आणखी चार गंजत उभ्या होत्या. म्हणजे चार वर्षांचं काम, आणि साडूच्या तोंडाला चार वर्षांचं कुलूप.

"या डॉक्टर!" मास्तर आतूनच म्हणाले. "बघा निवांत. हवं तिथे टोचून बघा, ही ओरडायची नाही."

"अहो, उठा तरी!" बायको दातओठ खात पुटपुटली. मास्तर बादलीवरून तसूभर हलले नाहीत.

डॉक्टरांनी खिशातून दात बघायचा छोटा आरसा काढला. फटीतून हात घालून आतली शिवण इंच इंच तपासली. मग लोहचुंबक काढलं आणि टपावर जागोजाग लावलं. ते प्रत्येक ठिकाणी जावयासारखं चिकटून बसलं.

"पुट्टी?"

"चिमूटभर निघाली तर गाडी फुकट."

डॉक्टरांनी आरसा पुसून खिशात ठेवला. "सकाळी तुमच्या साडूंकडे गेलो होतो. मला बघताच वेल्डिंग अर्धवट टाकून धावत आले. खुर्ची, पंखा, चहा. मागे पत्र्याला हे एवढं भोक! आणि तुम्ही? साधे जागचे उठला नाहीत."

बायकोने डोळे मिटून घेतले.

"याला म्हणतात कामावरची बैठक," डॉक्टर म्हणाले. "चारही गाड्या तुमच्या."

मास्तरांनी फटीतून हात बाहेर काढला. डॉक्टरांनी तो जोरजोरात हलवला.

"एकच अट. उद्या दहाला आमच्या मंडळातल्या सगळ्यांना घेऊन येतो. शिवण, अँगल, सगळं जसंच्या तसं दिसलं पाहिजे. तोवर कापायला-घासायला ग्राइंडर लावायचा नाही. एक ओरखडा जरी दिसला तरी मी साडूंकडे गेलो म्हणून समजा. शब्द द्या."

मास्तरांनी एकवार टपाकडे पाहिलं. "दिला."

डॉक्टरांची पाठ वळायचा अवकाश, बायकोने फोन लावला. "ताई, चारही गं! हो, चारही! भावोजींना सांग, पंखा बंद करा आता." तिने फोन ठेवला आणि पदराने कपाळ पुसलं. "जिंकलात हो! मला वाटलं, बसून बसून घालवताय सगळं. जुनी पँट द्या इकडे, रफू होतेय का बघते."

फटीतून पँट बाहेर आली. तिने ती उलगडली, उलटी केली, उजेडात धरून पाहिली. टाचणीएवढंही भोक नव्हतं.

"ही तर धडधाकट आहे! मग दोन तास आत काय करत होतात? चला, या बघू बाहेर."

"कुठून?" मास्तरांनी विचारलं.