आवळलेलं हँडल

मेकॅनिकचा थोरला भाऊ गेल्यापासून त्याची मोटारसायकल गॅरेजच्या कोपऱ्यात धूळ खात उभी होती. वहिनीने "एकदा नीट करा ना, भावोजी," असा धोशाच लावला, तेव्हा कुठे त्याने गाडीला हात घातला.

हँडलची बेअरिंगं पार झिजली होती. त्याने नवी बसवली, ग्रीस भरलं, वरचा नट बेताने आवळला. गाडी मधल्या स्टँडवर घेतली, पुढचं चाक अधांतरी केलं आणि हँडल सरळ धरून सोडलं. नट नेमका बसला असेल, तर बोटाच्या धक्क्याने ते अलगद कुठल्याही बाजूला पडतं.

ते धक्क्याविनाच डावीकडे वळलं. डावीकडे वहिनी उभी होती.

"फरशी उतरती आहे," तो पुटपुटला.

वहिनी हात धुवायला उजवीकडच्या नळाशी गेली. हँडल सावकाश उजवीकडे फिरलं. ती परत आली, तसं तेही परत आलं.

"घरीही असंच," ती हळूच म्हणाली. "मी इकडची तिकडे झाले की यांची मान वळायची."

मेकॅनिकने पाना घेतला आणि सगळा जोर लावून नट असा आवळला, की दोन्ही हातांनी हँडल हलेना.

वहिनी दाराकडे निघाली. हँडल जागचं हललं नाही. त्याने पाना खाली ठेवला.

ती उंबऱ्यात थांबली. मागे न बघताच म्हणाली, "सैल करा हो, भावोजी. एवढं नका छळू त्यांना."

त्याच्या पाठीमागे लोखंड फरशीवर खरवडलं. स्टँडसकट अख्खी गाडी दाराकडे वळत होती.