छातीला पेपर

"दाखवा," सिस्टर म्हणाल्या आणि तळहात पुढे करून वॉर्डाच्या दारातच उभ्या राहिल्या.

त्याने हेल्मेट काखेत मारलं आणि जॅकेटची चेन उघडायला घेतली. बोटं वाकत नव्हती. बोटांचं काही नव्हतं, ती काय, चोळली की ताळ्यावर येतात. प्रश्न छातीचा होता. लेक दिवस भरायच्या आतच आलेली, दीड किलोला जेमतेम टेकलेली. तिला अजून स्वतःची ऊब धरता येत नव्हती, म्हणून तिला आईच्या नाहीतर बापाच्या उघड्या छातीवर ठेवायचं आणि वरून पांघरूण घालायचं. रात्रंदिवस आईच ते करत होती. बापाच्या वाट्याला सकाळचा सात ते आठ एवढा एक तास आला होता. पण तीन दिवस तो चाळीस मिनिटं मोटारसायकल हाणत यायचा, सिस्टर छातीला हात लावायच्या आणि एकच शब्द म्हणायच्या, "गार." मग हीटरपुढे बसायचं. अंगात ऊब येईस्तोवर कारखान्याची वेळ व्हायची.

काल तर त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं, "तुमच्या बाईंच्या डोळ्याला चार दिवसांत सलग तासभर डोळा लागलेला नाही. उद्याही असेच बर्फाची लादी होऊन येणार असाल तर राहू द्या. रविवारी निवांत या."

रविवारला पाच दिवस होते. लेकीला त्याने अजून एकदाही घेतलं नव्हतं.

म्हणून आज त्याने सासऱ्यांचं ऐकलं. सासरे जुने पोस्टमन, तीस हिवाळे दुचाकीवर काढलेले. फोनवर म्हणाले, "जावईबापू, स्वेटर आणि जॅकेटच्या मध्ये पेपर घाला, चांगला घड्या करून. वाऱ्याचा बाप आत शिरणार नाही." पण हा गडी पडला उतावळा. स्वेटरवर घालून एवढा फायदा, तर कातडीलाच लावला तर किती, असा विचार करून त्याने अख्खी पुरवणी थेट बनियनच्या आत कोंबली. वर शर्ट, दोन स्वेटर, जॅकेट आणि गळ्याला बायकोची शाल. जिना चढताना तो पापडासारखा वाजत होता.

आता एकेक थर निघत गेला. शेवटी पेपर. तो घामाने चिकटला होता, सोलूनच काढावा लागला.

सिस्टरनी तळहात ठेवला आणि मनात पाच आकडे मोजले. "गरम," त्या म्हणाल्या, आणि त्यांनाच जरा नवल वाटलं. मग त्यांनी हात उलटा करून पाहिला. काळा. त्यांनी त्याला दिव्याखाली ओढलं. छातीपासून पोटापर्यंत सोफ्याची जाहिरात उमटली होती, उलटी, किमतीसकट.

"सोफा चांगलाय," सिस्टर म्हणाल्या. "पण ही शाई लेकराच्या तोंडात जाईल. साबणाने धुऊन या."

बेसिनच्या नळाखाली त्याने हात धरला आणि तसाच मागे घेतला. पाणी कसलं, सुया होत्या. सात वाजून दहा मिनिटं झालेली. या पाण्याने छाती धुतली की पुन्हा हीटर, पुन्हा कारखाना, पुन्हा तेच.

पडद्याआडून बायकोने विचारलं, "सिस्टर, आला का हो तो?"

"आलाय," सिस्टर म्हणाल्या. "छापून आलाय."

वॉर्डातल्या मावशी बाळंतिणींना अंग पुसायला गरम पाणी घेऊन चालल्या होत्या. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा नळाकडे, आणि बादली त्याच्यापुढे ठेवली. "घ्या. आणि टॉवेलने नुसतं गोंजारू नका. करपलेलं पातेलं घासता ना, तसं घासा."

त्याने घासलं. आधी सोफ्याचे पाय गेले, मग पाठ. किंमत तेवढी बेंबीपाशी चिवटपणे टिकून होती, मावशींनी सांगितल्यावर तीही गेली. छाती लालबुंद झाली, चरचरायला लागली.

सिस्टरनी पुन्हा हात ठेवला. या वेळी पाचाच्या पुढेही मोजलं असावं. "हं. बसा खुर्चीत."

पडदा सरकला. बायकोचे डोळे खोल गेले होते. तिने लेकीला लगेच दिलं नाही. आधी वाकून स्वतःचा गाल त्याच्या छातीला लावून पाहिला. "गरम आहेस," ती म्हणाली. मग तो छोटासा ऐवज त्याच्या छातीवर आला.

"मान धर. हां, अशी. टोपी सरकू देऊ नकोस. कुंथली तर घाबरायचं नाही, तशीच करते ती. आणि अर्ध्या तासाने मला..."

वाक्य तिथेच राहिलं. ती बसल्या जागीच झोपली होती. मावशींनी तिचे पाय उचलून पलंगावर घेतले, तरी तिला कळलं नाही.

त्याला आधी काही वजनच लागेना. मग तिचा एक श्वास जाणवला. मग दुसरा. तो स्वतःचा श्वास विसरून तेच मोजत बसला.

पावणेआठला सिस्टरनी लेकीच्या काखेत थर्मामीटर लावला. "छत्तीस पॉइंट सात. उत्तम." मग कागदावर लिहिता लिहिता म्हणाल्या, "उद्या सातला."

"पेपर घालून येऊ?"

"या की. स्वेटरच्या वर."

आठला तो खाली आला आणि गाडीला किक मारली. पुरवणी वरच कचऱ्याच्या डब्यात राहिली होती. शाल बायकोच्या पायांवर होती.

चौकात लाल दिवा लागला. शेजारी थांबलेला स्कूटरवाला डोक्यापासून गुंडाळलेला, नुसते डोळे दिसत होते. "अहो भाऊ," तो मफलरमधून म्हणाला, "चेन उघडी आहे तुमची. कडाक्याचा गारठा आहे."

त्याने खाली पाहिलं. खरंच उघडी होती, इथपर्यंत वारा आत येत होता आणि त्याला कळलंही नव्हतं. त्याने हातमोजा काढला आणि सिस्टर ठेवायच्या तसा तळहात छातीवर ठेवला.

दिवा हिरवा झाला. मागून हॉर्न वाजायला लागले. तो अजून मोजत होता.