नानांचे कान

"नाना, कानाच्या डॉक्टरकडे मंगळवारी जायचं की बुधवारी?" ज्योतीरामने वडिलांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन विचारलं.

"बुधवारी एकादशी हाय."

"मग मंगळवारी."

"मंगळवारी डॉक्टरची सुट्टी आसंल," म्हणत भिमाजी चष्मा पुसू लागले.

ज्योतीराम चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर. माणूस निर्णय कसा घेतो, यावरचं एक जाडजूड पुस्तक त्याला ट्रेनिंगमध्ये मिळालं होतं. येता का असं विचारू नये, दोन दिवस सांगून त्यातला एक निवडायला लावावं, हे त्यातलंच. पुस्तकातली माणसं लगेच हो म्हणत. चिखलीतले भिमाजी म्हणत नव्हते.

ज्योतीरामची आई शालनबाई थंडीत वारल्या आणि घरात हे दोघंच उरले. तोवर बापलेकांचं बोलणं म्हणजे "जेवलास का" आणि "गेट लाव". बाकी सगळं आईमार्फत. ती गेली आणि महिन्याभरात नानांचे कान गेले. जन्म कारखान्यातल्या प्रेस शॉपच्या धडधडीत काढलेला, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. ओळखीच्या डॉक्टरांनी मात्र बजावलं होतं, उशीर केलात तर उरलंसुरलं ऐकू येणंही जाईल. ज्योतीरामला त्याचीच धास्ती. आई गेली, आता नानाही असे आत आत जात राहिले तर?

तेव्हापासून प्रत्येक गोष्ट जवळ बसून, खांद्यावर हात ठेवून सांगावी लागे. भाजीचा भाव, कंपनीतली भांडणं, सगळं. अधिक महिना लागला, देवळात रोज कीर्तन सुरू झालं, तसा तो शिफ्ट सुटली की थेट तिथंच येई. बुवा निरूपण करत आणि हा वाक्य न् वाक्य नानांच्या कानात सांगे. एरवी देवळाची पायरी न चढणारा पोरगा, पण आता धृपद आलं की त्याचेही हात आपसूक टाळी धरत.

"मशीन लावा, नाना. निम्मं कीर्तन वाया चाललंय तुमचं." हातचं जातंय म्हटलं की माणूस हलतो, असं पुस्तकात होतं.

"वाया कुठं? तू सांगतोस की."

"मला काय बुवांसारखं येतंय?"

"न्हाई येत. पर जमंल हळूहळू."

पुढच्या एका पानावर लिहिलं होतं, एखाद्याची खोड सुटत नसेल तर ती खोड त्याला काय देते ते बघा. ज्योतीराम क्षणभर थांबला. बहिरेपण माणसाला काय देणार? त्याने पान उलटलं. शेवटी ठरवलं, महिना संपला की सरळ रिक्षात घालून न्यायचं.

त्या संध्याकाळी त्याला ओव्हरटाइम लागला. भिमाजी एकटेच देवळात गेले आणि खांबाला टेकून बसले. बुवांचा घसा बसला होता, त्यात माइक खरखरत होता. मागे बसलेल्या दुर्गाबाईंनी टाळांच्या गजरातच हळू आवाजात विचारलं, "भिमाजी, आत्ता काय म्हणलं वो बुवा?"

भिमाजींनी मान न वळवता सांगितलं, "देवाला हाक माराया मोठा गळा लागत न्हाई, म्हणलं. त्यो आधीच जवळ येऊन बसल्याला आसतो."

"आन् पोरगं कुठाय आज?"

"ओव्हरटाइमला. उद्या येतोय," भिमाजी म्हणाले. "उद्या मला ऐकू यायचं न्हाई."