न फोडलेला डबा

पानेतोन, म्हणजे मनुके घातलेला नाताळचा गोड पाव, बनवणाऱ्या दोन कंपन्यांनी शेअर दलालाच्या कचेरीत काम करणाऱ्या यानिनाचं डोकं फिरवलं होतं. 'सान कोस्मे'ला अख्खं लिमा फेसबुकवर शिव्या घालत होतं, तरी शेअर वर चाललेला. 'आउरेलिया'चे जिकडेतिकडे फोटो, नुसतं कौतुक, आणि शेअर मात्र रोज खाली. उद्या साहेबांना सांगायचं काय?

तेवढ्यात मावशी 'आउरेलिया'चा देखणा डबा घेऊन आली.

"घे गं, नाताळची भेट. आधी फोटो टाक, छान काहीतरी लिही."

रिबिनीखाली एक चिठ्ठी अडकली होती. अक्षर यानिनाचंच. गेल्या आठवड्यात हाच डबा तिने शेजारच्या ओफेलियाबाईंना दिला होता.

"मावशी, तुला हा कुणी दिला?"

"माझ्या जावेने. तिला तिच्या विहिणीने. इतका सुंदर डबा फोडतं का कुणी? पुढे द्यायचा!"

"मग खायचं काय?"

मावशीने पिशवीतून अर्धा संपलेला 'सान कोस्मे' काढला, जाड तुकडा तोंडात कोंबला आणि फोनवर लिहायला घेतलं, "मेल्यांनो, यंदा मनुके कुठे गेले?"