शेताची फेरी

धरणाच्या मध्यावर आल्यावर भुजंगनं बोटीचं इंजिन बंद केलं आणि किशनरावांना लाइफ जाकीट घालायला सांगितलं. काठावर घातलेलं जाकीट त्यांनी आत्ताच काढून बाकाखाली सारलं होतं.

“माझ्याच शेतात मी जाकीट घालून फिरू व्हय?” किशनराव म्हणाले.

“शेत तुमचंच हाय मामा. पर वर चाळीस फूट पाणी हाय.”

बोटीतली माणसं हसली. येळवशीची, मार्गशीर्ष अमावास्येची सुट्टी होती. ज्यांना शेत होतं ते शेतात जेवायला गेले होते. ज्यांना नव्हतं अशांपैकी नांदेडचं एक कुटुंब बोटीत बसायला आलं होतं. आई, बाप, आत्या आणि आठ वर्षांची पुनम. पुनमच्या बापानं विचारलं, यंदा काय पेरलं. मासे, असं भुजंगनंच सांगून टाकलं.

किशनरावांची नऊ एकर जमीन धरणात गेली त्याला तीस वर्षं झाली होती. तरी दर येळवशीला त्यांची बायको सरजाबाई आंबील घेऊन काठावर यायची आणि तिथूनच पाण्यात शिंपडायची. शेताला फेरी झाल्याबिगर येळवस होत न्हाई, असं ती दर वर्षी म्हणायची. पुढच्या साली बोटीनं जाऊ, असं किशनराव दर वर्षी म्हणायचे. श्रावणात ती गेली.

यंदाची आंबील लेकीनं, तनुजानं केली होती. तिनं बाकाखालचं जाकीट ओढून बापाच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते परत खाली सोडलं, आंबिलाचं मातीचं बिंदगं कडेवर घेतलं आणि उभे राहिले. आंबील उभ्यानं, चालत शिंपडायची असते. साऱ्या जन्मात त्यांनी ती बसून शिंपडली नव्हती.

पाण्यावर पहिली ओंजळ पडली. पुनमच्या आईनं हात जोडले आणि नीट दिसावं म्हणून उठून किशनरावांच्या बाजूला आली. मागोमाग आत्या आली. मग मोबाइल धरून बाप.

बोट कलली.

सगळे खाली बसा म्हणून भुजंग ओरडला, पण तोवर बोटीच्या कडेवरून पाणी आत आलं होतं. किशनराव गुडघ्यांवर आदळले. भुजंगच्या पुढ्यात बसलेली पुनम बाकावरून घसरली आणि निम्मी बोटीबाहेर गेली. त्यानं तिच्या जाकिटाचा पट्टा धरला आणि ओढून तिला आत घेतलं.

माणसं आपापल्या जागी बसली, तशी बोट सरळ झाली. पुनम छातीपर्यंत भिजली होती आणि रडतही नव्हती. आई तिला शालीत गुंडाळत होती. किशनराव त्या पोरीकडं बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच बाकाखालचं जाकीट घेतलं. पट्टा त्यांना लागेना. तनुजानं लावून दिला.

“परत चल,” ते भुजंगला म्हणाले. “ऱ्हाऊ दे आता.”

बिंदग्यात निम्मी आंबील उरली होती. भुजंगनं ती बघितली, मग पुनमकडं बघितलं. पोर भिजली होती.

“होऊ द्या त्यांचं,” पुनमची आई म्हणाली.

भुजंगनं इंजिन चालू केलं, अगदी हळू.

“तुम्ही बसून ऱ्हावा मामा. फिरायचं काम बोट करंल.”

बोट गोल वळायला लागली. किशनराव बसल्या जागेवरून आंबील पाण्यात सोडू लागले. मग त्यांनी ओला हात वर केला.

“जरा लांबून घे,” ते म्हणाले. “बांध लांब हाय.”