फवाऱ्याची दिशा

लेसरचा हिरवा प्रकाश इंजिनात शिरला, इंधनाचा फवारा उडाला आणि प्रयोगशाळेतल्या पडद्यावर त्याचा थेंब न् थेंब उजळला.

"मॅडम, सगळं इंधन सिलिंडरच्या समोरच्याच भिंतीवर जातंय," हेमांगीचा सहकारी म्हणाला. "मागे एक थेंब नाही."

हेमांगी पडद्याकडे बघतच राहिली.

आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. रॉकेलचा स्टोव्ह भडकला, असंच सगळे सांगत आले होते. तिने संशोधनासाठी ज्वलन हा विषय निवडला तोही त्यामुळेच. पण दवाखान्यात आईला पालथं निजवलं होतं. भाजली होती ती पाठ. पंप मारणाऱ्या हातांना, चेहऱ्याला धगसुद्धा लागली नव्हती. तो स्वच्छ चेहरा अजून तिच्या स्वप्नात यायचा.

बाहेर येऊन तिने वडिलांना फोन लावला.

"बाबा, स्टोव्ह आईच्या समोर होता ना? मग तिची पाठ कशी जळाली?"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग त्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं,

"तू तेव्हा झोपली होतीस ना, बाळा?"