भावना पोहोचल्या

खासदार आपल्या विधेयकावर बोलून खाली बसला. मागणी साधी होती : आत माणसं कामाला असताना कारखान्याच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं, तर मालकाला तुरुंग. त्याचा धाकटा भाऊ अशाच दाराआड जळून गेला होता. विधेयक सरकारचं नव्हतं, त्याचं एकट्याचं होतं. म्हणून वाट्याला आली ती आठवड्याच्या शेवटची पेंगुळलेली दुपार. निम्मे बाक रिकामे. वर प्रेक्षकांच्या सज्जात मात्र त्याची आई चष्मा पुसून ताठ बसली होती.

पक्षाचा प्रतोद शेजारी येऊन टेकला. कोणी कधी हात वर करायचा, हे तोच ठरवायचा.

"डोळ्यांत पाणी आणलंत," तो कुजबुजला. "आता मंत्री आश्वासन देतील. तुम्ही मागे घ्या."

"मतदान होऊ द्या की. पडलं तर पडलं."

"मंत्रिमंडळात जागा भरायच्यात. तुमचं नाव मीच पुढे केलंय. मला तोंडघशी पाडू नका."

मंत्री उठले. त्यांनी तोंड भरून कौतुक केलं. "सन्माननीय सदस्यांच्या भावना सरकारपर्यंत पोहोचल्या आहेत. योग्य वेळी योग्य तो विचार होईल. त्यांनी विधेयक मागे घ्यावं, ही विनंती."

अध्यक्षांनी त्याच्याकडे पाहिलं. तो उभा राहिला. वर बघायचं नाही, एवढंच त्याने ठरवलं.

"आश्वासनाबद्दल आभार. मी विधेयक मागे घेतो."

आवाज इतका खाली गेला की सज्जापर्यंत पोचलाच नाही. होते तेवढ्या सगळ्यांनी बाक बडवले, विरोधकांनीसुद्धा.

बाहेर पायऱ्यांवर आईने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"मंत्र्यांचं बोलणं मला काही कळलं नाही, पण केवढे बाक वाजवले रे सगळ्यांनी! झाला ना कायदा?"

प्रतोद दोन पावलांवर उभा होता. गालातल्या गालात हसत.

"झाला, आई."

"मग आधी धाकट्याच्या बायकोला फोन लाव. त्याच मालकाने दुसऱ्या कारखान्यात काम देऊ केलंय तिला, पण पोर घाबरते. म्हणावं, आता कसली भीती? उद्यापासून खुशाल जा."

त्याने फोन लावला. पलीकडून "हॅलो" ऐकू आलं, तसा तो त्याने आईच्या हातात दिला.